रुग्णवाहिकेच्या दिवाबत्तीचं काय? मुंबईच्या ग्रामस्थ मंडळांना खुले पत्र

प्रति,
मुंबई, ठाणे, कल्याण, वसई-विरार इथल्या आपापल्या गावच्या ग्रामस्थ मंडळांचे अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि सर्व सभासद बंधू-भगिनींस,

सप्रेम नमस्कार.

गणपतीला महिना राहिला. आता तुमच्या सभा लागतील. कुणाची लालबागच्या चाळीत, कुणाची दादरच्या एखाद्या शाळेच्या वर्गात, कुणाची नालासोपाऱ्याला कुणाच्या तरी घरी, रविवारची जेवणं आटोपून. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचलं जाईल, जमाखर्च वाचला जाईल आणि मग "यंदा गावाला काय द्यायचं" हा विषय निघेल. तो निघण्याआधी हे पत्र तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून आज लिहायला बसलो आहे.

मी संगमेश्वर तालुक्यातल्या एका डोंगराकडच्या गावात राहतो. प्राथमिक शिक्षक होतो, निवृत्त झालो आणि गेली नऊ वर्षं गावच्या एका छोट्या नोंदणीकृत संस्थेचा खजिनदार आहे. संस्था एक वाचनालय चालवते, वर्षातून दोनदा डोळे तपासणीचं शिबिर घेते आणि तिच्याकडे एक रुग्णवाहिका आहे. हे पत्र त्या रुग्णवाहिकेपासून सुरू होतं.

गाडी तुमच्यासारख्याच एका मंडळाने दिली. २०१८ च्या शिमग्यात. पालखी सहाणेवर बसली होती, सगळा गाव गोळा झाला होता. गाडीला झेंडूचे हार, पुढे नारळ, बाजूच्या पत्र्यावर देणगीदारांची नावं. ज्यांनी पैसे दिले त्यांत दोघं-तिघं माझे विद्यार्थी. एक जण माथाडीत आहे, एक बेस्टमध्ये चालक. त्यांनी वर्षभर पगारातून पैसे बाजूला काढले होते. चावी माझ्या हातात दिली तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटेना. आमच्या वरच्या वाडीतून पाखाडीच्या दगडी पायऱ्यांवरून पेशंट डोलीत बसवून खाली आणायचा आणि मग रस्त्यावर गाडीची वाट बघायची, हे मी लहानपणापासून पाहिलेलं. आता ते संपलं असं त्या दिवशी वाटलं.

दोन वर्षं गाडी छान चालली. गावातलाच एक मुलगा ड्रायव्हर म्हणून राहिला. त्याला आम्ही महिन्याला मानधन द्यायचो. ते जमवायचो बाजारातल्या दुकानदारांकडून, लग्नकार्यात, कधी माझ्या पेन्शनमधून. मग २०२० साल उजाडलं, दुकानं बंद पडली, मानधन चार महिने थकलं. मुलाचं लग्न झालेलं, घरात लहान बाळ. तो एके दिवशी संध्याकाळी माझ्या पडवीत येऊन बसला, बराच वेळ काही बोललाच नाही, मग म्हणाला, "गुरुजी, मला कंपनीत लागलंय." मी त्याला काय म्हणणार? चावी त्याने खांबाच्या खुंटीला अडकवली आणि गेला.

त्यानंतर गाडी ज्याला जमेल तो चालवायचा. म्हणजे खरं तर कुणीच नाही. ती देवळाजवळच्या फणसाखाली उभी राहिली. पाऊस पडला, पानं पडली, उंदरांनी वायरी कुरतडल्या.

आणि मग एका जुलैमध्ये, लावणीच्या दिवसांत, खालच्या वाडीतली एक सून तरवा काढताना पायाला फुरसं चावून बांधावर बसली. तिन्हीसांजेची वेळ. पोरं धावत माझ्याकडे आली. आम्ही गाडीकडे धावलो. चावी फिरवली तर टक् एवढाच आवाज. पुन्हा फिरवली, पुन्हा टक्. बॅटरी उतरलेली. आठ जणांनी धक्का मारला, चिखलात चाकं रुतली. शेवटी एका भाजीवाल्याचा पिकअप मिळाला. मागे ताडपत्री अंथरून तिला निजवली, मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. तिच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. रुग्णालयात डॉक्टरांनी तिचं रक्त काचेच्या नळीत घेऊन वीस मिनिटं तसंच ठेवलं. ते गोठलं नाही, म्हणजे विष भिनलेलं. मग प्रतिविष सुरू झालं. बाई वाचली. पण त्या धडपडीत आमचा दीड तास गेला होता, आणि तो दीड तास मी अजून विसरलो नाही. गाडी गावातच होती. तुम्ही ती दिलेली होती. आम्ही ती चालती ठेवली नव्हती.

यात तुमचा दोष नाही. दोष आमचा, पहिला माझा. गाडी घेताना मी तुम्हाला सांगायला हवं होतं की हिला दर महिन्याला इतका खर्च येईल, तोही द्या, नाहीतर गाडी देऊ नका. मला ते सांगवलं नाही. एवढी लाखांची वस्तू दारात आल्यावर वर आणखी पगाराचे पैसे कसे मागायचे, तोंड कसं उघडायचं, असं वाटलं. कोकणातल्या अर्ध्याअधिक संस्थांचं दुखणं हेच आहे. वस्तू मागायला आम्हाला संकोच वाटत नाही, माणसाचा पगार मागायला वाटतो.

आता तुमच्या बाजूचं बोलतो. मी सभांना बसलो आहे, म्हणून माहीत आहे. देवळाच्या सभामंडपाला फरशी म्हटलं की हात वर होतात. कमानीला होतात. शाळेला संगणक म्हटलं तरी होतात. पण कुणी "वाचनालयातल्या बाईंच्या पगाराला" म्हटलं की सभा गप्प होते. मग कुणीतरी म्हणतं, "पगारात पैसे गेले तर गावाला काय दिसणार?" फरशी दिसते, तिच्यावर नाव कोरता येतं. पगार महिन्याच्या महिन्याला संपतो, त्याच्यावर नाव कुठे लावणार?

ही समजूत आपल्या वाडवडिलांची नव्हे, हे मला तुम्हाला कळकळीने सांगायचं आहे.

गावातलं कुठलंही जुनं देऊळ घ्या. त्याला कुणीतरी कधीतरी जमीन लावून दिलेली असते, आणि कागदांत त्याचं कारण लिहिलेलं असतं: दिवाबत्ती, नैवेद्य, पूजाअर्चा. देवस्थान इनाम म्हणतात ते हेच. ज्याने देऊळ बांधलं त्याला ठाऊक होतं की दगड-चिरे लावून काम संपत नाही. रोज संध्याकाळी तेल लागणार, वात लागणार आणि ती लावायला गुरव लागणार. गुरवाचं घर चाललं पाहिजे. म्हणून एका शेताचं उत्पन्न कायमचं त्याला जोडून दिलं. त्याने दिव्याबरोबर दिवा लावणाराही दिला.

आपण आज रुग्णवाहिका देतो आणि दिवाबत्ती विसरतो.

दुसरी गोष्ट तुमच्याच घरची आहे. गिरणगावात, माझगाव-डोंगरीकडे गावच्या खोल्या होत्या, त्यांना गाळे म्हणायचे. एका खोलीत एका गावचे वीस-तीस पुरुष, ज्याची पाळी रात्रीची तो दिवसा झोपणार, दिवसाचा तो रात्री. माझे वडील तशाच खोलीत राहिले. भिंतीला ट्रंका, खुंटीला कपडे, बाहेर एका बाईंची खानावळ. दर महिन्याच्या पगाराला प्रत्येक जण भाड्याचा वाटा द्यायचा आणि त्यासोबत गावाच्या फंडाचेही थोडे पैसे. कुणी वारलं तर नेण्याचा खर्च त्यातून, कुणाची नोकरी गेली तर पुढची लागेपर्यंत जेवण त्यातून, गावच्या शाळेचं छप्पर उडालं तर कौलं त्यातून. १९८२ च्या संपात गिरण्या बंद पडल्या तेव्हा कित्येक घरं त्या फंडाच्या आधारावर आणि गावाहून आलेल्या तांदळावर तगली. तो फंड मोठ्या देणग्यांचा नव्हता. महिन्याच्या महिन्याला, न चुकता, थोडा. तुमचं आजचं मंडळ त्याच खोलीतून निघालं आहे.

आणि त्याच्याही आधीचं सांगतो. दापोलीजवळच्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे, पुढे महर्षी झाले ते, मुंबईत शिकत-शिकवत होते तेव्हाच त्यांनी मुरुड फंड काढला होता. गावच्या सार्वजनिक कामांना गावच्याच माणसांकडून पैसा जमवायचा. १८९१ मध्ये ते पुण्याला फर्ग्युसन कॉलेजात गेले, हिंगण्याची संस्था, महिला विद्यापीठ ही मोठी कामं त्यानंतरची. वर्गणीची सवय मुरुडपासूनची. पुढे १९३६ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्यांनी ज्या खेड्यांत शाळाच नाही तिथे प्राथमिक शाळा काढण्यासाठी मंडळ स्थापलं आणि पुन्हा वर्गणीला बाहेर पडले. मी स्वतः एकशिक्षकी शाळेत अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून सांगतो. अशा गावात शाळा म्हणजे एक मास्तर. मास्तर आला तर देवळाच्या ओसरीवरही शाळा भरते. मास्तर नसला तर दोन खोल्यांच्या पक्क्या इमारतीत शेळ्या बसतात.

आमच्या तालुक्यातच देवरुखला मातृमंदिर आहे. इंदिराबाई हळबे, सगळ्यांच्या मावशी, यांनी १९५४ मध्ये ते काम सुरू केलं ते एका लहानशा प्रसूतिगृहापासून. आज त्याचा पसारा मोठा आहे, पण सुरुवातीला होती ती एक बाई, जी बाळंतपणाला हजर असणार, आणि एवढ्या एका भरवशावर बायका तिथे येऊ लागल्या. उत्तरेला मंडणगड तालुक्यात वेळासला चला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ मध्ये तिथे कासवांच्या संवर्धनाचं काम सुरू केलं. ऑलिव्ह रिडले कासवं हिवाळ्यात रात्री वाळूत अंडी घालतात, कोल्ही-कुत्री ती उकरतात, माणसंही न्यायची. हे काम म्हणजे काय? तर थंडीच्या पहाटे, उजाडायच्या आत, बॅटरी घेऊन अख्खा किनारा चालणारा गावातलाच माणूस. माग दिसला की अंडी अलगद काढायची, कुंपणातल्या खड्ड्यात तशीच पुरायची, पिल्लं निघाली की समुद्राकडे सोडायची. त्या माणसाला वगळा आणि मग बघा, हातात उरतं काय? बांबूचं कुंपण. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, लोक बघायला यायला लागले, घरोघरी राहण्या-जेवणाची सोय झाली, गावात पैसा आला. पण आधी कुणीतरी पहाटे चालत होतं.

मला २०२१ चा चिपळूणचा पूरही इथे सांगितला पाहिजे, कारण तुमच्यापैकी बऱ्याच मंडळांनी तेव्हा टेम्पो भरभरून पाठवले होते. २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत चढलं. ओसरल्यावर आम्ही गावातली पंधरा-वीस माणसं घमेली-फावडी घेऊन गेलो. घराघरांत चिखल, आणि बाहेर रस्त्याच्या कडेला कपड्यांचे ढीग. सदिच्छेने पाठवलेले, जुने, काही फाटके, सगळे भिजलेले. ते कुणी उचलत नव्हतं. उलट चिखलाबरोबर तेही उपसावे लागले. ज्या बाईचं सगळं घर भिजलंय तिला एक कोरडी नवी साडी हवी होती, वीस जुन्या नको होत्या.

त्याच रस्त्यावर मी एक माणूस पाहिला. साठीचा असेल. कुठल्या तरी गावाहून एकटाच एस.टी.ने आला होता. सोबत एक पत्र्याची पेटी. एका शिंपीणबाईंच्या दुकानासमोर बसून त्याने तिचं शिलाई मशीन सुटं केलं. चाक, शटल, दांडा, एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवायचा, ब्रशने चिखल काढायचा, चिंधीने पुसायचा, वर्तमानपत्रावर ओळीने मांडायचा. दोन तास लागले असतील. मग सगळं जोडून तेल घातलं, पाय मारला आणि मशीन चाललं. बाई उभ्या होत्या त्या खाली बसल्या आणि रडायला लागल्या. तो उठला, पुढच्या दुकानात गेला. आठवडाभर तो तिथेच होता असं नंतर कळलं. दिवसाला तीन-चार मशीनं. त्याला जर कुणी महिनाभराचा खर्च दिला असता, आणि हाताखाली दोन पोरं, तर बाजारातली किती घरं आठवडाभर आधी उभी राहिली असती! पण मदतीच्या एकाही यादीत 'शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस' असा रकाना नव्हता. तांदूळ होता, चादरी होत्या, पाण्याच्या बाटल्या होत्या.

तेव्हा पगाराला देणगी द्यायला नको का वाटतं, याच्या मुळाशी जाऊया. मला वाटतं, मुळाशी संशय आहे, आणि तो अगदी फुकाचा नाही. संस्थांच्या नावावर स्वतःची घरं चालवणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पावती पुस्तक घेऊन गाडीत फिरणारे, ज्यांची संस्था कुठे आहे हे त्यांनाच ठाऊक. अशाने खरे कामवालेही चोर ठरतात. पण संशयावर उपाय हिशोब मागण्याचा आहे. पगार न देण्याने चोरी थांबत नाही. चोराला फरशीतही पैसे खाता येतात, कदाचित जास्तच.

म्हणून हिशोब मागा. कडक मागा. आमच्याकडे मागा, आणि तुमच्या स्वतःच्या मंडळाकडेही. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासांसाठी १९५० चा कायदा आहे, धर्मादाय आयुक्तांचं कार्यालय आहे. नोंदणी झालेल्या संस्थेने दरवर्षी हिशोब तपासून घेऊन दाखल करायचे असतात. विश्वस्त बदलला तर नव्वद दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो. तो देत नाहीत म्हणून कोकणातल्या कितीतरी संस्थांच्या शेड्यूल वनवर, म्हणजे धर्मादाय कार्यालयातल्या विश्वस्तांच्या नोंदीवर, अजून देवाघरी गेलेल्या माणसांची नावं आहेत. मग बँक सही मानत नाही, खातं अडकतं, आणि पैसे कुणाच्या तरी स्वतःच्या खात्यात जमा व्हायला लागतात. माणूस प्रामाणिक असतो, पण उद्या त्याला काही झालं तर गावाचा पैसा त्याच्या वारसांच्या दारात मागायला जायचं का? आमच्या संस्थेतही हे झालं होतं. दोन विश्वस्त वारले, पाच वर्षं कुणी कागद केला नाही. तो निस्तरायला मला रत्नागिरीला कितीतरी फेऱ्या माराव्या लागल्या. तुमच्या मंडळाचं शेड्यूल वन एकदा काढून बघा, एवढीच विनंती.

देणगी बँकेतून द्या, आणि पावती घ्या. संस्थेकडे देणगीवरच्या करसवलतीची, ८०जी म्हणतात ती, मान्यता असेल तर जुन्या करपद्धतीत असलेल्याला सवलत मिळते, पण २००० रुपयांवरची रोख देणगी त्यात धरत नाहीत. नवी करपद्धत घेतलेल्यांना ही सवलत नाही. तुमच्यातल्या बहुतेकांना करासाठी द्यायचंच नाहीये, हे मला माहीत आहे. तरी पावती घ्या. तिच्यामुळे आम्हालाही वहीत ओळ लिहावी लागते.

ज्यांच्या ओळखीने एखाद्या कंपनीचा सीएसआर, म्हणजे सामाजिक कामासाठीचा पैसा, गावाकडे येतो, त्यांच्याशी थोडं वेगळं बोलायचं आहे. २०१४ पासून ठरावीक आकारापेक्षा मोठ्या कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामावर खर्च करावे लागतात. कंपनीच्या माणसाला विचारलं की तो सांगतो, "प्रशासकीय खर्च पाच टक्क्यांच्या वर चालत नाही, म्हणून पगार नको." ही गल्लत आहे. ती मर्यादा कंपनीने स्वतःच्या सीएसआर विभागाच्या कारभारावर करायच्या खर्चाला आहे. रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरचा पगार हा कारभाराचा खर्च नव्हे, तोच तर प्रकल्प आहे. हे त्यांना न घाबरता समजावून सांगा. नियम काढून दाखवा.

कुणी म्हणेल, सरकार आहे ना. आहे. १०८ ची मोफत सेवा २०१४ पासून आहे आणि तिने माझ्या डोळ्यांसमोर माणसं वाचवली आहेत. सरकारला त्याच्या कामातून मोकळं करावं असं मी कधीही म्हणणार नाही, ग्रामसभेत मी त्यासाठी भांडतोच. पण आमच्यासारख्या गावात शेवटच्या वाडीपर्यंतचा जो तुकडा उरतो, पाखाडीपासून डांबरी रस्त्यापर्यंतचा, रात्री दोन वाजताचा, तो शेजाऱ्यालाच भरून काढावा लागतो. संस्था म्हणजे मला तरी तेवढंच वाटतं. शेजारधर्म, पण वही ठेवून केलेला.

आता सरळ आकड्यावर येतो. खजिनदार आहे, त्याशिवाय राहवणार नाही.

आमच्या गाडीच्या ड्रायव्हरला महिना १४,००० रुपये धरले तर वर्षाचे १,६८,००० होतात. विमा आणि पासिंग मिळून ३२,०००. टायर, बॅटरी, सर्व्हिसिंग याला ४०,००० बाजूला ठेवावे लागतात. डिझेल ज्याला परवडतं तो भरतो, ज्याला नाही त्याचं संस्था सोसते, ते आम्ही गावातून उभं करू. म्हणजे वर्षाला २,४०,०००. तुमच्या मंडळाचे दोनशे सभासद असतील तर प्रत्येकी महिना शंभर रुपये. दोनशे गुणिले शंभर, गुणिले बारा. बरोबर २,४०,०००. मी हा हिशोब तीनदा करून पाहिला.

शंभर रुपये फार नाहीत हे तुम्हाला मी सांगायला नको. पण ते दर महिन्याला यायला हवेत. शिमग्यात एकदम दोन लाख आले आणि पुढच्या वर्षी मंडळात वाद होऊन शून्य आले, तर मी कुणालाही नोकरीवर ठेवू शकत नाही. ड्रायव्हरच्या बायकोला दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे हवेत. तिला तुमच्या मंडळाच्या दोन गटांशी काय देणंघेणं? हे जरा स्पष्ट बोललो, रागावू नका. गेल्या काही वर्षांत निवडणुकीच्या राजकारणाने मंडळं कशी दुभंगली, ते तुम्हीही जाणता. निदान गाडीपुरतं ते बाहेर ठेवा.

देवळाला देऊ नका असं मी म्हणत नाही. पालखीचा खांदा माझाही आहे, आणि अजून दोन-चार वर्षं तरी तो द्यायचा आहे. पण सभामंडपाची रंगरंगोटी गेल्या दहा वर्षांत तीनदा झाली. चौथ्यांदाचा विषय आला तर त्यातला निम्मा वाटा चालत्या खर्चाला काढून ठेवा. ग्रामदेवतेला कौल लावून विचारायचं तर तेही विचारूया, माझी काही हरकत नाही.

वाचनालयाचं थोडक्यात. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने मान्यताप्राप्त वाचनालयांना वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं. आमचं सगळ्यात खालच्या वर्गात. त्यातून ग्रंथपाल बाईंना जे हातात पडतं ते सांगायला मला लाज वाटते. त्या तरी रोज संध्याकाळी दोन तास दार उघडतात, पोरं येतात, स्पर्धा परीक्षेची पुस्तकं वाचतात. त्यांतली दोन पोलिसात लागली. रुग्णवाहिकेचं मार्गी लागलं की पुढच्या वर्षी मी त्यांच्यासाठी पत्र लिहीन.

मागच्या महिन्यात आमच्या शेजारच्या वाडीतल्या एक आजी आल्या. ऐंशीच्या पुढच्या. लुगड्याच्या केळ्यातून पन्नासाची नोट काढली, चार घड्या घातलेली. सोबत पाच नारळ. म्हणाल्या, "ही गाडीला. मागल्या बारीला माज्या सुनंला पिकअपात नेलास ना, तवाच मनात धरलेलं." ती फुरसं चावलेली बाई यांची सून. मी पावती फाडली, नाव लिहिलं, रक्कम लिहिली, नारळांचं काय लिहायचं ते कळेना म्हणून मागे लिहिलं. आजींना वाचता येत नाही. पावती त्यांनी नोटेसारख्याच चार घड्या घालून केळ्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी आम्ही ते नारळ विकून आणि त्यात भर घालून नवीन बॅटरी आणली.

एक मुलगा ड्रायव्हर म्हणून यायला तयार झाला आहे. त्याच्याकडे परवाना आहे, बॅज आहे. त्याला मी दिवाळीपर्यंतचा शब्द दिला आहे. त्यापुढचा शब्द माझ्याकडे नाही, तो तुमच्या सभेत आहे. विषयपत्रिकेवर एकच ओळ घाला: रुग्णवाहिका, चालता खर्च, मासिक वर्गणी. चर्चा होऊ दे, विरोध होऊ दे, हिशोबाचे प्रश्न लिहून पाठवा, मी सगळ्यांची उत्तरं वहीच्या पानांसकट देईन. हवं तर तुमच्यातल्या दोघांना आमच्या हिशोब समितीवर घ्या.

गणपतीला याल तेव्हा गाडी त्याच फणसाखाली असेल. चावी माझ्या पडवीतल्या खुंटीला आहे. घरात कुणी नसलं तरी घ्या आणि एकदा सुरू करून बघा.

आपला,
गावच्या संस्थेचा खजिनदार
ता. संगमेश्वर, जि. रत्नागिरी